तबिथाच्या पायाची माती

डॉक्टरांनी पायावरची पट्टी पुन्हा गुंडाळली, हात धुतले आणि आमच्याकडे पाठ ठेवूनच म्हणाले, "गुडघ्याखालून काढावा लागेल. उद्या सकाळी. थांबलो तर मांडीपर्यंत जाईल."

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. तबिथा, माझी बायको, उशीला टेकून बसली होती. मला वाटलं, ती "प्रभूची मर्जी" म्हणेल. सगळ्यांना ती तेच म्हणायची. पण तिने विचारलं, "काढलेला पाय कुठे जातो?"

डॉक्टर वळले. "त्याची विल्हेवाट लावतात. त्याचे नियम आहेत."

"कोणी मागितला तर देता?"

"नातेवाइकांनी लिहून दिलं तर देतो. पण कशाला?"

"माती द्यायला." मग ती माझ्याकडे वळली. "आपल्या जागेत. नीट. जिथे असायला पाहिजे तिथेच. मेलेले सगळे उठतील त्या दिवशी मी लंगडत उठणार नाही."

हे ती हसून म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. ती हसली नाही. डॉक्टर गेल्यावर तिने भिंतीकडे तोंड केलं आणि आमची मुलगी रिबेका चहा घेऊन आली तेव्हा नको म्हणायलासुद्धा वळली नाही.

तबिथा भोरदऱ्याच्या ख्रिस्ती मंडळीची सुवार्तिका होती. एकोणीस वर्षं. पाळकसाहेब दर चार वर्षांनी बदलायचे, ती तिथेच. सोमवारी गावात, मंगळवारी धनगरवस्तीवर, गुरुवारी कालव्यापलीकडे. झोळीत पवित्र शास्त्र, एक टॉवेल, नखं कापायची कात्री आणि जखमेचं मलम. ती आजाऱ्याच्या खाटेशी बसायची, त्याची नखं कापायची आणि कापता कापता सांगायची, "दुःख आलं ना, की प्रभू दारात उभा आहे समजा. हसून कडी काढा." लोक ऐकायचे. हातात कात्री असलेल्या बाईला कोण नाही म्हणणार?

मलाही सांगायची. मी सुतार. एकदा माझा अंगठा हातोडीखाली आला तर म्हणाली, "आनंद माना." मी म्हटलं, "तुझाही अंगठा ठेव इथे. दोघं मिळून मानू."

तिला साखरेचा आजार होता. तळपायाला काही कळायचं नाही. धनगरवस्तीवर धुरपदाबाईच्या वाड्याला बाभळीच्या फांद्यांचं कुंपण होतं. त्यातला एक काटा चपलेतून आरपार गेला आणि तो घेऊन ती तीन दिवस हिंडली. चौथ्या दिवशी आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, शिरताना चप्पल काढायला गेली तर चप्पल निघेना. तेव्हा कळलं.

त्या दिवशी संध्याकाळी पाळकसाहेब दवाखान्यात आले. रेव्हरंड उमाप. वय एकोणतीस, आमची मंडळी ही त्यांची पहिलीच नेमणूक. बिचारे दोन तास बसमधून आले होते. स्टुलावर बसले, घसा साफ केला आणि म्हणाले, "बाई, दुःखातसुद्धा आनंद..."

"साहेब," तबिथा भिंतीकडे बघतच म्हणाली, "तुमच्या चपला कुठे आहेत?"

"बाहेर काढल्या."

"दोन्ही?"

साहेबांनी प्रार्थना केली, ती फार लहान केली आणि गेले. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो. ते चपला घालत होते आणि त्यांना चपला घालायचीसुद्धा लाज वाटत होती.

"काका, मी चुकीचं बोललो का?"

"नाही साहेब. तिचंच वाक्य होतं ते," मी म्हटलं.

मला पायाची भीती नव्हती. पायाचं काय, मी लाकडी करून दिला असता. मला भीती त्या पाठीची वाटत होती. तीस वर्षांत तिची पाठ मी एवढा वेळ कधी पाहिली नव्हती. ती रागावली तरी तोंड माझ्याकडे करून रागवायची.

मंडळीत कोणी गेलं तर माती द्यायची पेटी मीच करायचो. म्हणून त्या रात्री करण्यासारखं एवढंच काम मला सुचलं. मी खिशातला टेप काढला आणि तिचा उजवा पाय गुडघ्यापासून टाचेपर्यंत मापला. तिने पाय मागे घेतला नाही. मग, जागा बघायला लागेल म्हणून, डोक्यापासून टाचेपर्यंत सगळीच मापली. पाच फूट एक इंच. रिबेका म्हणाली, "बाबा, काय करताय तुम्ही? आई जिवंत आहे." मी म्हटलं, "ठाऊक आहे. म्हणून तर विचारून मापतोय." विचारलं मात्र नव्हतं.

स्टँडमागे माझ्या ओळखीचा एक सुतार होता. त्याच्या दुकानात देवदाराच्या फळ्या मिळाल्या. दोन फूट लांब, नऊ इंच रुंद. तो उभा राहून बघत होता. शेवटी हळूच म्हणाला, "लेकरू का?"

"नाही. पाय."

त्याने बिजागऱ्यांचा डबा परत ठेवला. "मग बिजागऱ्या नकोत. खिळेच मार," म्हणाला. सुताराला सुतारच समजतो.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. अकरा वाजता नर्सबाईंनी माझ्या दोन ठिकाणी सह्या घेतल्या आणि पांढऱ्या कापडात गुंडाळलेला पाय दिला. मी तो पेटीत ठेवला, भोवती जाडं मीठ घातलं, झाकण ठोकलं आणि साडेअकराची एसटी धरली.

पेटी मांडीवर होती. कंडक्टर आला. "वर ठेवा ती. मांडीवर कशाला?"

"वर नको. राहू द्या."

"काय आहे त्यात? काचसामान?"

मला खोटं बोलता येत नाही. चांगुलपणा म्हणून नव्हे, सुचतच नाही. मी म्हटलं, "बायकोचा पाय."

कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं. "बाकीची बायको कुठंय?"

"दवाखान्यात. आत्ताच काढला. गावी माती द्यायला चाललोय."

"बरी आहे ना?"

"बरी आहे."

त्याने माझं तिकीट फाडलं. सामानाच्या तिकिटासाठी हात पुन्हा तिकिटांच्या पेटीकडे गेला आणि थांबला. "हे सामानात येत नाही," तो स्वतःशीच म्हणाला. "प्रवाशातही येत नाही." आणि पुढे गेला.

शेजारचा माणूस उठून ड्रायव्हरजवळ जाऊन बसला. पाच मिनिटांत सगळ्या गाडीला कळलं. मागच्या सीटवरची एक म्हातारी पुढे आली, मोकळ्या जागेवर बसली आणि म्हणाली, "आमच्या चुलत्याचा हात गिरणीत गेला व्हता. कुठं टाकला कुनी इचारलं बी न्हाय. मरस्तोवर म्हनायचा, माझा हात कुठंय, माझा हात कुठंय. तू बेस करतोस." मग तिने पेटीवर हात ठेवला आणि तिचं गाव येईपर्यंत तो काढला नाही.

सकाळीच फोन करून मी कळवलं होतं, म्हणून भोरदऱ्याच्या फाट्यावर याकोबमामा तोरणे उभे होते. मंडळीचे सेक्रेटरी. दफनभूमीची वही, किल्ली आणि नियम तिन्ही त्यांच्याकडे. वय चौऱ्याहत्तर. त्यांच्या एका हातात वही होती, दुसऱ्यात सुतळीचा गुंडा.

"तिमथी," ते म्हणाले, "आधी नियम ऐक. एका नावाला एक जागा. पायाला जागा दिली तर बाईला पुन्हा मिळणार नाही."

"मामा, आमच्या दोन जागा राखलेल्या आहेत. तिच्याच जागेत, पायाच्या टोकाला पुरू. पुढे ती आली की वरून बरोबर बसेल."

मामांनी डोळे मिटून ते चित्र मनात उभं केलं. "उंची?"

"पाच एक."

"मापून आणलीस?"

"मापून."

मामांचा माझ्याविषयीचा आदर त्या दिवशी वाढला.

देवळाच्या पडवीत पाळकसाहेब पुस्तक चाळत बसले होते. त्यांना घाम आला होता. "काका, प्रौढांच्या दफनाची उपासना आहे. बालकांच्या दफनाची आहे. समुद्रात दफन करायची आहे. पायाची नाही."

"बालकांची म्हणा," मामा म्हणाले. "माप तेवढंच आहे."

"असं कसं म्हणता येईल? त्यात 'हे निष्पाप लेकरू' असं येतं."

"मग पापी म्हणणार? ह्या पायाने काय पाप केलंय?"

साहेबांनी आणखी पानं उलटली. "प्रवासाला निघणाऱ्यांसाठी एक प्रार्थना आहे."

"पाय आहे," मी म्हटलं. "प्रवासाचीच म्हणा."

मामा आणि साहेबांशिवाय मी कोणाला सांगितलं नव्हतं, घंटाही वाजवू नका म्हणालो होतो. तरी दफनभूमीत वीस-पंचवीस माणसं जमली होती. बायांनी भाकऱ्या आणि पिठलं आणलं होतं, कारण मातीच्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही. ह्या मातीला चूल पेटवायची की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून आणलं होतं.

आमच्याकडे माणसाला पश्चिमेकडे डोकं आणि पूर्वेकडे पाय करून उताणं निजवतात. उठेल तेव्हा तोंड उगवतीला यावं म्हणून. आमच्या दोन जागा उत्तरेच्या भिंतीशी. भिंतीला लागून माझी, माझ्या जागेच्या अलीकडे तबिथाची. घरातही भिंतीकडे मीच निजायचो. तिला पहाटे उठून जायचं असायचं.

मामांनी सुतळी लावून पाच फूट एक इंच मोजले. मग पूर्वेच्या टोकाला, पायाशी, येऊन उभे राहिले. "उजवा ना?"

"उजवा."

मामांनी आपला उजवा हात लांब केला आणि जिथे बोट गेलं तिथे खूण केली. मी कुदळ घेतली. साडेतीन फूट खणलं. पेटी ठेवली. साहेबांनी प्रवासाची प्रार्थना म्हटली. वाटेतल्या संकटांपासून राखावं आणि इच्छित स्थळी सुखरूप पोहोचवावं, असं त्यात होतं, आणि ते इतकं बरोबर बसलं की दोन बाया रडल्या.

माती लोटायला सुरुवात केली तोच फाटकातून धुरपदाबाई आल्या. धनगरवस्तीवरच्या. सत्तरीच्या, काठीसारख्या वाळलेल्या, काखेत कोंबडी. चार किलोमीटर उन्हातून चालत आल्या होत्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. "माझ्या कुपाटीचा काटा. मला येऊ द्या."

त्यांनी कोंबडी पाळकसाहेबांच्या हातात दिली, कमरेची पिशवी सोडली आणि खड्ड्यात चिमूटभर भंडारा टाकला. पिवळा, पेटीवर. याकोबमामा पुढे सरकले. "बाई, आमच्यात हे चालत नाही."

"तुमच्यात न्हाय चालत, पर ह्यो पाय आमच्यात चालत व्हता," धुरपदाबाई म्हणाल्या. "दर मंगळवारी. माझी नखं कोन कापायचं? तुम्ही?"

मामांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांच्या हातात कोंबडी फडफडत होती. ते म्हणाले, "मामा, राहू द्या."

खड्डा बुजला. साहेबांनी आशीर्वाद दिला. मामांनी वही उघडून तिथेच गुडघ्यावर नोंद केली आणि शाई वाळायला फुंकर मारली. तेवढ्यात धुरपदाबाई म्हणाल्या, "बाई कशी निजनार हितं?"

"डोकं तिकडे, पाय इकडे. उताणी," मी सांगितलं.

धुरपदाबाईंनी काठी खाली ठेवली आणि तबिथाच्या जागेवर, डोकं पश्चिमेला करून, सरळ उताण्या निजल्या. आभाळाकडे बघत त्यांनी उजवा हात उचलला. "ह्यो माझा उजवा. म्हंजी पाय हिकडं पायजे व्हता. तुम्ही तर तिकडं पुरलाय."

सगळे बघत राहिले. हात दक्षिणेला होता. ताजी माती उत्तरेला होती.

"शक्य नाही," मामा म्हणाले. "मी स्वतः खूण केली."

"मंग तुम्ही निजून बघा."

मामा चौऱ्याहत्तर वर्षांचे, पांढरं धोतर, काळा कोट. पण शंका राहिली तर मामांना झोप येत नाही. धुरपदाबाई उठल्या, मामा निजले. त्यांनी उजवा हात उचलला. मग डावा उचलला. मग पुन्हा उजवा. बराच वेळ ते तसेच पडून होते. पाळकसाहेब घाबरून म्हणाले, "मामा, उठा हो."

"मी पायाकडे उभा राहून मोजलं," मामा आभाळाला सांगत होते. "मी उलटा उभा होतो. पंचेचाळीस वर्षं मी ह्या जमिनीत माणसं पुरतोय. एक चूक नाही. एक."

मी कुदळ उचलली. "काढतो परत. दहा मिनिटांचं काम."

मामा ताडकन उठले. "हात लावायचा नाही. आशीर्वाद झाला. नोंद झाली. बंद केलेली जागा कमिटीच्या ठरावाशिवाय उघडता येत नाही. नियम आहे."

"नियम तुम्हीच केलाय, मामा."

"म्हणून तर," मामा म्हणाले.

मी दवाखान्यात परतलो तो हे सगळं पोटात घेऊन. ठरवलं होतं, विचारलं तर सांगू. तिने विचारलंच नाही. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. भात दोन घास, तोही रिबेका रडली म्हणून. डॉक्टर मला बाहेर घेऊन म्हणाले, "जखम चांगली आहे. पण बाईंना बरं व्हायचंय असं दिसत नाही. खाल्लं नाही तर भरणार कशी?" शेजारच्या खाटेवर एक बाई कण्हायची. पूर्वीची तबिथा असती तर ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी सरपटत जाऊन तिची नखं कापली असती.

चौथ्या दिवशी रविवार. उपासना आटोपून साहेब आणि याकोबमामा भेटायला आले. मामा कधी गाव सोडत नाहीत. साहेबांनी ह्या वेळी काही उपदेश केला नाही. दोघे स्टुलाच्या दोन बाजूंना उभे राहिले. स्टुलावर कोणीच बसेना.

तबिथा भिंतीला म्हणाली, "साहेब, झाली माती?"

"झाली, बाई."

"नीट झाली?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मामांकडे पाहिलं. मामा छताकडे बघायला लागले.

"उपासना नीट झाली," साहेब म्हणाले.

"आणि पाय?"

आता बोलणं मलाच भाग होतं. "तबिथा, पाय डाव्या बाजूला पुरला गेला."

मामांनी छतावरची नजर खाली आणली.

"मी उलटा उभा होतो," मामा म्हणाले. आवाज अगदी बारीक. "धुरपदाबाई निजली तेव्हा कळलं. मग मी निजलो. तिचं बरोबर होतं."

"तुम्ही निजलात?" तबिथाने विचारलं. "कुठे?"

"तुझ्या जागेवर."

"काळा कोट घालून?"

"कोट होता."

"आणि धुरपदाबाईपण?"

"आधी ती. तिची कोंबडी साहेबांकडे होती."

तबिथाची पाठ हलायला लागली. आधी थोडी, मग खाटच हलायला लागली. रिबेका रागाने उठली. "बाबा, काय गरज होती सांगायची? बघा, रडवलंत तिला." तिने आईच्या खांद्याला धरून वळवलं आणि सोडून दिलं.

तबिथा हसत होती. आवाज निघत नव्हता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, एक हात पोटावर आणि दुसऱ्याने टाके दुखतात म्हणून मांडी धरलेली. "दुखतंय," ती म्हणाली, "अगं आई गं, दुखतंय," आणि आणखी हसली. शेजारच्या खाटेवरची बाई कण्हायची थांबली आणि कोपरावर उठून बघायला लागली.

"एकोणीस वर्षं," दम खात तबिथा म्हणाली, "एकोणीस वर्षं त्या पायाला सरळ वाटेने नेलं. आणि शेवटी ह्या लोकांनी..." पुढे बोलता येईना.

मामा गंभीर होते. "यावर उपाय आहे. मी विचार केलाय. तुझं डोकं पूर्वेला करायचं."

"मग पाय माझ्या कानाशी येईल, मामा."

मामांनी डोळे मिटून चित्र पाहिलं. "येईल," ते म्हणाले.

"मला पालथी घाला. बरोबर बसेल."

"बाई, पालथं पुरता येत नाही," साहेब घाईने म्हणाले. "तसा प्रघात नाही."

"मग ते राहूच द्या." ती माझ्याकडे वळली. तोंड माझ्याकडे. "तुमची जागा कोणत्या बाजूला आहे?"

"उत्तरेला. भिंतीकडे."

"म्हणजे तो तुमच्याकडे सरकलाय," ती म्हणाली. "मेला. पहिल्यापासूनच तसा." पाळकसाहेबांसमोर ती असं कधी बोलली नव्हती. साहेब खिडकीबाहेर बघायला लागले.

मग तिने चहा मागितला. बिनसाखरेचा, पण पावासह. पाव खाता खाता साहेबांना म्हणाली, "त्या दिवशी मी तुम्हाला चपलांचं बोलले. माफ करा. तुम्ही बोललात ते खरं होतं. फक्त मला कडी सापडत नव्हती."

कमिटीने पुढच्या महिन्यात ठराव केला. मामांनी तो स्वतः वाचून दाखवला: "तिमथी ओहोळ यांनी सवडीने पाय योग्य बाजूस हलवावा." तबिथा म्हणाली, "मी बरोबर येणार. तुमच्यावर आता माझा भरवसा नाही." मी म्हटलं, "ये. तू उभी राहून दाखव, मी खणतो." तसा शब्द दिला.

पण आधी तिला कुबड्यांवर चालायचं होतं, मग नकली पाय बसवायचा होता, मग पावसाळा आला, मग रिबेकाचं लग्न. आणि सवड होती कोणाला? चार महिन्यांत ती माझ्या मोपेडवर मागे बसून धनगरवस्तीवर निघाली. मी दुकान दुपारपर्यंत बंद ठेवू लागलो. पूर्वी तिच्याभोवती सात-आठ बाया बसायच्या. आता सगळी वस्ती बसायची, पुरुषसुद्धा. "बाई, पायाची गोष्ट सांगा," म्हणायचे. धुरपदाबाई मध्ये निजून दाखवायच्या. त्यांच्या वयाला ते शोभत नव्हतं, पण त्यांनी ती जागा दुसऱ्या कोणाला दिली नाही. गोष्ट संपली की तबिथा पिशवीतून कात्री काढायची आणि खरं काम सुरू व्हायचं. पाय धुताना जखमा दिसायच्या. काटे निघायचे. त्या वस्तीवरच्या तिघांना तिने वेळेवर दवाखान्यात पाठवलं. तिघांचे पाय शाबूत आहेत.

पुढच्या ईस्टरला, पुनरुत्थानाच्या सणाला, आमच्या रिवाजाप्रमाणे, पहाटे सगळे मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत जमलो. वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात. पाळकसाहेबांनी मामांच्या वहीतून यादी उतरवली होती. नावं उतरवली, पुढच्या रकान्यातला 'फक्त उजवा पाय' हा शेरा उतरवला नाही. चौथं नाव वाचलं, "तबिथा तिमथी ओहोळ."

"हजर," मागून आवाज आला. "थोडी कमी."

तो सण मंडळी अजून विसरलेली नाही. मामा हसले, आणि मामांना हसताना बघून बाकीचे हसले.

त्यानंतर ती नऊ वर्षं हिंडली. दुसऱ्या पायालाही त्रास झाला, डोळ्यांना झाला. तक्रार करायची, चिडायची, मला शिव्या देण्याच्या जवळपास यायची. पण भिंतीकडे तोंड मात्र तिने पुन्हा केलं नाही.

रिबेकाच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी आम्ही पिंपरीला गेलो होतो आणि साथीच्या रोगामुळे सगळं बंद झालं. गाड्या बंद, गावाच्या सीमा बंद. तबिथाला ताप आला. आठव्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. तिला पिंपरीतच माती दिली. मला लांब, फाटकाशी उभं केलं होतं. पांढरे पोशाख घातलेली चार माणसं होती. पेटी नव्हती. मी करून दिली असती, माप मला पाठ होतं. मी ओरडून विचारलं, "डोकं पश्चिमेला आहे का?" त्यांच्यातल्या एकाने हात वर केला. हो म्हणाला की जा म्हणाला, मला कळलं नाही.

याकोबमामा त्याच वर्षी गेले. त्यांची पेटी मी केली. उमापसाहेबांची बदली त्याआधीच झाली होती. ते अजून मला पत्र पाठवतात आणि शेवटी नेहमी विचारतात, "बाजू बदलली का?" धुरपदाबाई आहेत. आता चालवत नाही, पण मंगळवारी मी जातो. मला उपदेश येत नाही. मी नखं कापतो. परवा त्यांनीही तेच विचारलं.

ठराव वहीत आहे. कुदळ माझ्या दारामागे आहे. तबिथा पिंपरीत आहे आणि तिचा उजवा पाय भोरदऱ्यात, तिच्या रिकाम्या जागेत, उत्तरेच्या अंगाला, माझ्या जागेजवळ आहे. तो दक्षिणेला हलवतो असा शब्द मी तिला दिला होता. अजून हलवलेला नाही.